येतोय का गं वास?

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या तोंडापुढे कोण टिकणार? टिकला तो असा माणूस, जो दिवसभर गटारात काम करायचा आणि घरी आल्यावर चढ्या आवाजात एक शब्द बोलायचा नाही. मी भांडण उकरून काढावं आणि यांनी शांतपणे विचारावं, "झालं? आता चहा टाकतेस?" असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं! एकतीस वर्षं अशीच गेली.

आमचे हे सांडपाण्याच्या खात्यात. मोठी गटारं तुंबली की झाकण उघडून आत उतरायचं आणि ती मोकळी करायची, हे त्यांच्या टोळीचं काम. टोळीत सहा माणसं, वर एक मुकादम. त्यांत यांना नावाने कुणीच हाक मारत नसे, सगळे 'नाक' म्हणायचे. "नाक आलं का? नाकाला विचारा." मी नवी नवरी होते तेव्हा मुकादमाला दारातच सुनावलं होतं, "बाकीचे अवयव दिसत नाहीत का तुम्हाला?" तो बिचारा ओशाळला. हे हसत बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, शिवी नाहीये ती. मान आहे."

मान कसला, ते हळूहळू कळलं. गटाराच्या पोटात वायू साठतो. सडक्या अंड्यासारखा वास असतो त्याचा. थोडा असला तर डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं. जास्त असला तर माणूस दोन श्वासांत आडवा होतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा त्याच्याच अंगावर पडतो. हे कामाला लागले तेव्हा टोळीत एक म्हातारा होता, यांना सगळं त्यानेच शिकवलं. एके दिवशी तो आत उतरला, दोर यांच्या हातात होता. खालून म्हणाला, "थोडा वास आहे रे." मग जरा वेळाने म्हणाला, "गेला वास. आता बरं आहे." तेच त्याचं शेवटचं बोलणं. तो वायू वाढला की आधी नाकाला मारतो आणि मग माणसाला, हे यांना त्या दिवशी समजलं. म्हाताऱ्याला वर ओढताना दोराने कापलेले यांचे तळवे पुढे कितीतरी दिवस भरले नव्हते.

तेव्हापासून यांनी एक रीत घातली. ज्या झाकणातून उतरायचं त्याच्या मागचं एक आणि पुढचं एक, अशी तीन झाकणं उघडायची. तासभर थांबायचं. मग हे रस्त्यावर पालथे पडून तोंड भोकाशी न्यायचे. एक आखूड श्वास, डोकं बाहेर. एक लांब श्वास, डोकं बाहेर. मग तिसरा. आणि त्यानंतर एकच शब्द, 'जा' किंवा 'थांब'. यांनी थांब म्हटलं की मुकादमाचा बाप आला तरी कुणी उतरत नसे. वायू मोजायचं यंत्र खात्याकडे होतं, नाही असं नाही. पण ते भांडारात कुलपात पडलेलं, त्याची बॅटरी कधीच मेलेली. महागाची वस्तू, आत पडली तर जबाबदार कोण? माणूस पडला तर चालतं, यंत्र पडता कामा नये! यंत्र कुलपात होतं म्हणून यांचं नाक रस्त्यावर होतं. तेहेतीस वर्षं माणसं यांच्या शब्दावर उतरली आणि सगळी वर आली.

वर आली म्हणजे जिवंत आली, इतकंच. धड आली असं मी म्हणणार नाही. हातमोजे मिळायचे ते दोन दिवसांत फाटायचे. बूट सगळ्यांना एकाच मापाचे, म्हणून यांच्या बुटांत घालायला मी चिंध्यांच्या गाद्या शिवून द्यायची. मी घरी शिवणकाम करते, चिंध्यांना तोटा नव्हता. बोटांच्या बेचक्यांतल्या जखमा बाराही महिने ओल्या. खोकला तर घरचाच माणूस झाला होता. एकदा उंदरांच्या मुतातून होतो तो ताप आला, डोळे पिवळेधमक, सोळा दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? यांनी सांगितलं, तसे डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सरकू नका डॉक्टर, तुमच्या घरचंसुद्धा यांच्याच अंगावरून वाहतं." हे पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "गप गं."

घरी आले की मोरीत तीनदा साबण लावून हात धुवायचे. मग तळहात नाकाशी धरून हुंगायचे. समाधान झालं नाही तर चौथ्यांदा. त्याशिवाय घरातल्या कशालाच हात लावायचे नाहीत, मलासुद्धा नाही. इतक्या वर्षांत त्यात खंड नाही. आणि एक दिवस हात धुऊन आले, ओले तळहात माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "येतोय का गं वास?"

मी हुंगून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, म्हातारपणी लाडात येतायत. मीसुद्धा मान वेळावून म्हणायची, "येतोय, साबणाचा." माझी अक्कल अशी!

मग एकदा मी दूध तापत ठेवून शेजारणीकडे गेले. "लक्ष ठेवा हं," असं सांगून गेले. हे शेगडीपासून दोन हातांवर, तिला पाठ करून, पेपर वाचत बसले होते. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. घरात धूर, पातेलं कोळसा झालेलं, आणि हे पेपर वाचतायत. मी तोंड सोडलं, "नाक घरी ठेवून कामाला जाता की कामावर ठेवून घरी येता?" नेहमी हसतात, त्या दिवशी हसले नाहीत. पातेलं घेऊन मोरीत घासत बसले. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या रात्री मी घासलेटात भिजवलेली चिंधी यांच्या उशीखाली सरकवली. मला खोलीत थांबवेना, आणि हे सकाळपर्यंत शांत झोपले.

आता माझं दुःख ऐका. टोळीत माझा धाकटा भाऊ आहे. मीच यांच्या मागे लागून त्याला तिथे चिकटवला होता. चाळिशी उलटली, दोन मुलींचा बाप, पण अंगाने अजून सडपातळ. त्यामुळे अरुंद भोकातून सगळ्यात आधी तोच उतरतो. कुणाच्या शब्दावर? आपल्या दाजींच्या.

सकाळी ती चिंधी मी यांच्यासमोर टेबलावर ठेवली. "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष असेल," हे म्हणाले. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"आणि माझ्या भावाला कशाच्या जोरावर खाली सोडता?"

"झुरळं बघतो." चहाच्या कपाकडे बघत सांगू लागले. झाकणाखाली भिंतीवर झुरळं असतातच. ती पळत असली तर खाली हवा आहे. मेलेली, लोंबकळलेली दिसली तर थांब. "तोंड आत घालून श्वास घेतल्यासारखं करतो आणि झुरळं बघतो. अजून एकदाही चुकलेली नाहीत ती."

"मग सांगा ना टोळीला तसं!"

"काय सांगू? तेहेतीस वर्षं माझ्या शब्दावर उतरलात, आता झुरळांच्या शब्दावर उतरा, असं?" आवाज चढला नाही, पण कप दूर सारला. "अगं, या नाकाशिवाय माझ्याजवळ आहे काय? दुसरं काय येतं मला?" आणि हे रडले. म्हातारा गेला तेव्हाचं मला माहीत नाही, पण माझ्यासमोर पहिल्यांदाच. मग माझा हात धरून म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ."

मी शपथ घेतली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. ती मी पाच महिने गप्प बसले. भाऊ यायचा, ताई चहा दे म्हणायचा, आणि मी त्याच्याकडे न बघता चहा द्यायची. राग सगळ्यांचा येतो मला, पण त्या पाच महिन्यांसाठी माझा स्वतःचा जेवढा येतो तेवढा कुणाचाच येत नाही.

मग खात्याने फवारणी काढली. डास, झुरळं मारायची मोहीम. एकेक झाकण उघडून आत औषध मारत गेले. त्या दिवशी हे घरी आले आणि हात न धुताच उंबऱ्यात बसले. म्हणाले, "सगळी मेली."

आता प्रत्येक भिंतीवर मेलेलीच झुरळं. वायूने मेली की औषधाने, कोण सांगणार? म्हणून यांनी सरळ प्रत्येक भोकाला थांब म्हणायला सुरुवात केली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिसऱ्या संध्याकाळी भाऊ आला तो तणतणतच. "ताई, दाजींना घरी बसव आता. उगाच घाबरतात. लोकांच्या घरांत घाण पाणी शिरलंय, शिव्या आम्ही खातोय." हे आतल्या खोलीत ऐकत होते. मी दार लोटून घेतलं, दुसरं काय करणार?

चौथ्या दिवशी हे चहा न घेताच निघाले. चपला घालता घालता म्हणाले, "आज मुकादम ऐकायचा नाही." मी मशीनवर बसले होते. एक बाही जोडली ती उलटी, उसवली, पुन्हा जोडली ती पुन्हा उलटी. कापडात सुई तशीच ठेवून मी उठले आणि निघाले. म्हटलं, शपथ गेली चुलीत.

बाजारामागच्या गल्लीत काळं पाणी दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. दुकानदार तोंडाला रुमाल लावून उभे होते. तीन झाकणं उघडी. हे मधल्या झाकणाशी पालथे पडले होते आणि भाऊ कमरेला पट्टा बांधून तयार होता. मी दहा पावलांवर होते तेवढ्यात तो वास आला. सडक्या अंड्याचा. मी पदर नाकाला लावला.

हे उठले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "थांब."

"आज थांब नको!" मुकादम ओरडला. "वरून फोनावर फोन येतायत मला. तीन दिवस थांब, थांब. नाक चालत नसेल तर नाक बदलतो!"

"दाजी, मी इथे उभा आहे ना तुमच्या शेजारी?" भाऊ म्हणाला. "मला काही वास येत नाहीये. नुसतं भ्यायचं म्हणजे काय?" आणि तो काठावर बसला, पाय आत सोडले.

मी ओरडले, "अरे, मला येतोय वास! इथपर्यंत येतोय!"

मुकादमाने कपाळावर हात मारला. "वहिनी, गटार आहे ते. अत्तराचा वास येणार आहे का?" दोघंतिघं हसले. भाऊसुद्धा हसला, आणि त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी कशाला आले ते त्यांना बरोबर कळलं. माझ्या तोंडातून पुढचा शब्द निघायच्या आत यांनी भावाचा दोर दोन्ही हातांत पकडला आणि म्हणाले, "मला वास येत नाही."

"तेच तर मी म्हणतोय, दाजी—"

"तसं नव्हे. मला कशाचाच वास येत नाही. दुधाचा नाही, घासलेटाचा नाही, याचाही नाही. दीड वर्षाच्या वर झालं. मी झुरळं बघून सांगत होतो, आणि झुरळं मेली. आता सांग, कुणाच्या शब्दावर उतरतोस?"

 मग भाऊ पाय वर घेऊन रस्त्यावर बसला. बाकीचेही एकेक करून खाली बसले, त्या घाणीतच. एकाने मुकादमाला सांगितलं, "यंत्र आणा. नाहीतर तुम्ही उतरा." यंत्र यायला अडीच तास लागले. कुलपाची किल्ली एकाकडे, सही दुसऱ्याची, बॅटरी तिसऱ्या दुकानातून. दोरीला बांधून आत सोडलं. पुरुषभर खोलही गेलं नसेल, तोच असं किंचाळायला लागलं की दुकानांतून माणसं बाहेर आली. ते थांबता थांबेना.

मला वाटलं, आता भाऊ यांच्या गळ्यात पडेल. त्याने पट्टा सोडला, यांच्या पायाशी टाकला. "दीड वर्ष मला असाच उतरवत होता, दाजी? माझ्या मुलींकडे बघून तरी सांगायचं होतं." मग माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

मी खाली बघितलं.  तो गेला तो आठ महिने आमच्या दारात आला नाही.

यांना भांडारात बसवलं. यंत्राची राखण यांच्याचकडे दिली. रोज सकाळी बॅटरी भरायची, टोळीला द्यायचं, संध्याकाळी पुसून ठेवायचं. तान्ह्या पोरासारखं जपायचे ते. खात्याच्या डॉक्टरने यांना तपासून सांगितलं, वासाची नस गेली, परत येणार नाही. मी मुकादमाला विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय? त्यांना नाही तपासलं?" तो म्हणाला, "बाकीचे ठणठणीत आहेत, वहिनी. तुमच्या भावाला तर आता नाक केलंय आम्ही." यंत्र असलं तरी काठावर पालथं पडून कुणीतरी जा म्हणायला लागतंच त्यांना. तेवढा धीर लागतो खाली जाणाऱ्याला. खरं सांगू? मला बरं वाटलं. घरचा मान घरात राहिला असं वाटलं.

सहाव्या महिन्यात यंत्र बिघडलं. दुरुस्तीला गेलं ते गेलंच. हे दर सोमवारी अर्ज लिहायचे, दर सोमवारी उत्तर यायचं, येईल. टोळी पुन्हा तीन झाकणं आणि एका नाकावर आली, आणि ते नाक माझ्या भावाचं होतं. एवढ्यात दुसरी फवारणी होऊन गेली.

परवा रविवारी दुपारी दार वाजलं. भाऊ उभा होता. मी आत ये म्हणायच्या आधीच आत आला, सरळ मोरीत गेला. कामावरून आलेला नव्हता, धुतलेला सदरा अंगात होता. तरी साबण घेऊन हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. हे खुर्चीत बसले होते, त्याला बघून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.  मग तो माझ्याजवळ आला, ओले तळहात माझ्यापुढे धरले.

"ताई," म्हणाला, "येतोय का गं वास?"

 बाजारामागची ती गल्ली डोळ्यांसमोर आली. दहा पावलांवर मी नाकाला पदर लावला होता, आणि हा भोकाच्या काठावर बसून म्हणत होता, मला काही येत नाहीये. कुणीच कसं विचारलं नाही? मीसुद्धा कसं विचारलं नाही?

तो माझ्या उत्तराला थांबला नाही. यांच्याकडे वळून, काहीतरी किरकोळ विचारावं तसं म्हणाला, "दाजी, फवारणीनंतर झुरळं किती दिवसांनी परत येतात हो?"

यांनी उठून त्याचे दोन्ही हात हातात घेतले.  मग म्हणाले, "दोन महिने. पण तू त्यांची वाट बघायची नाहीस."

"उद्या मोठ्या नाल्यावर काम आहे, दाजी. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. काय सांगू मी त्यांना?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी यांच्यासारखंच, म्हणाला, "ताई, तू कुणाला सांगू नकोस. तुला माझ्या गळ्याची—"

"मेल्या, गप!" मी ओरडले. "एक शपथ घेऊन बसले होते, तेवढी पुरे झाली." मी रडत होते, पण आवाज माझा माझ्या ताब्यात होता. "आता तू आणि हे, दोघं माझ्याबरोबर चला. टोळीतल्या एकेकाच्या घरी जायचं. प्रत्येकाच्या बायकोच्या हातात घासलेटाची चिंधी द्यायची, रात्री नवऱ्याच्या उशीखाली ठेवायला."

घासलेटाची बाटली मी पिशवीत टाकली. शिवणातल्या चिंध्या घेतल्या. यांच्या जागी नवा माणूस आलाय, टोळीत पुन्हा सहा जण आहेत, म्हणून सहा घेतल्या, मग एक मुकादमासाठी. हे आधीच चपला घालून दारात उभे होते. भाऊ यांच्या खुर्चीत बसून राहिला होता, म्हणून मी त्याचा हात धरून त्याला उठवलं.